पुढचं चाक इंजिनाला नेमकं कुठे जोडलं जातं?

पुढच्या ॲक्सलचे दोन दांडे गॅरेजच्या फरशीवर शेजारीशेजारी ठेवले, टॉर्च जवळ धरला आणि टोकाच्या खाचा मोजायला घेतल्या. पहिल्या खाचेवर खडूने खूण केली, म्हणजे मोजणी चुकायला नको. नव्या दांड्यावर ३० खाचा. जुन्यावर २८. तीनदा मोजल्या, तरी तेच.

गाडी शेवरोलेची के-२० पिकअप, १९७६ ची. त्या सालच्या के-२० ला पुढे डेना कंपनीचा डेना ४४ ॲक्सल असतो, असं सर्व्हिस मॅन्युअल सांगत होतं, म्हणून मी डेना ४४ चा आतला दांडा मागवला. पण आधीच्या कुठल्या तरी मालकाने कधीतरी अख्खा पुढचा ॲक्सल बदलून त्या जागी जनरल मोटर्सचा, म्हणजे शेवरोलेच्या मूळ कंपनीचा स्वतःचा, १९७७ च्या सुमारास येऊ लागलेला ‘टेन बोल्ट’ ॲक्सल बसवला होता. बाहेरून काही कळायला मार्ग नव्हता. हब तसाच, ब्रेक तसाच, आठ स्टडचं चाकही तसंच, कारण या दोन ॲक्सलचा नकलपासून, म्हणजे चाक वळतं त्या सांध्यापासून, बाहेरचा बहुतेक भाग एकमेकांना चालतो. फरक होता तो डिफरन्शियलच्या, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या दातेरी चाकांच्या डब्याच्या, पोटात. कोलोरॅडोतल्या ऐन हिवाळ्यात गाडी तीन आठवडे जॅकस्टँडवर उभी राहिली.

त्या तीन आठवड्यांत मी एक गोष्ट पक्की शिकलो. जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअपचं नाव आणि साल कळलं म्हणजे तिचा पुढचा ॲक्सल कळला असं होत नाही. ॲक्सल खाली वाकून वाचावा लागतो. आणि वाचायची सुरुवात एका प्रश्नापासून केली की बाकीचं भराभर उलगडतं: गाडी टू-व्हीलवर चालू असताना पुढचं चाक इंजिनापासून कुठे सुटतं? चाकापाशी, ॲक्सलच्या मध्ये, की कुठेच नाही?

आधी बैलगाडी डोळ्यांसमोर आणा. बैलगाडीचा आस फिरत नाही. तो जागच्या जागी घट्ट असतो आणि चाकाचा तुंबा त्याच्यावर फिरतो. चाक निसटू नये म्हणून टोकाला खीळ. जुन्या पिकअपचं पुढचं चाक अगदी याच रीतीने बसवलेलं असतं. आसाच्या जागी स्पिंडल, म्हणजे जाड, पोकळ, न फिरणारी नळी. तुंब्याच्या जागी हब. दोघांच्या मध्ये दोन निमुळती रोलर बेअरिंगं, एक आतल्या बाजूला, एक बाहेरच्या. आणि खिळीच्या जागी दोन चपटे नट, त्यांच्यामध्ये एक वॉशर.

फरक एवढाच की स्पिंडल पोकळ आहे, आणि त्या पोकळीतून इंजिनाकडून आलेला फिरता दांडा बाहेर डोकावतो. त्याच्या टोकाला खाचा असतात. हा दांडा हबला जोडला तर चाकाला ताकद मिळते. नाही जोडला तर चाक बैलगाडीच्या चाकासारखं मोकळं फिरतं आणि दांडा आत स्वस्थ पडून राहतो. हे जोडण्या-सोडण्याचं काम करणारी, हबच्या तोंडावर बसणारी डबी म्हणजे लॉकिंग हब. तिच्यावर हाताने फिरवायची चकती असते, एकीकडे ‘फ्री’, दुसरीकडे ‘लॉक’. चकती फिरवली की आतली खाचांची कडी सरकते आणि दांडा व हब दोघांना एकत्र धरते. कधी कडीच्या खाचा समोरासमोर येत नाहीत आणि ती अडते. गाडी हातभर पुढे घेतली की ‘टक्’ असा आवाज येतो आणि ती बसते.

हा खटाटोप मुळात हवा कशाला? कारण चाक जोडलेलं राहिलं की त्याच्याबरोबर दोन्ही दांडे, डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केसकडे (इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणाऱ्या डब्याकडे) जाणारा लांब शाफ्ट, एवढं सगळं लोखंड साध्या डांबरी रस्त्यावरही फिरत राहतं. तेल घुसळलं जातं, सांधे झिजतात, इंजिन थोडं जास्त पितं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत लष्कराच्या उरलेल्या जीप लोकांनी विकत घेतल्या, तेव्हा त्यांना हीच अडचण आली. त्या जीपमध्ये चाक आणि दांडा कायमचे जोडलेले होते. १९४८ साली सिएटलजवळ आर्थर वॉर्न यांनी या जीपसाठी लॉकिंग हब बनवायला सुरुवात केली. आज वॉर्न हे नाव गाडी ओढून काढणाऱ्या विंचसाठी जास्त ओळखलं जातं, पण त्या कंपनीची सुरुवात या छोट्या डबीपासून झाली.

इथे एक घोटाळा बऱ्याच जणांचा होतो, म्हणून तो आत्ताच सोडवून टाकू. हब लॉक केला म्हणजे गाडी फोर-व्हीलवर गेली असं नाही. एकाच तारेवर दोन बटणं असावीत तसं हे आहे: एक ड्रायव्हरपाशी असलेला ट्रान्सफर केसचा दांडा, दुसरं हब. दोन्ही चालू असतील तरच पुढच्या चाकांना ताकद पोचते. हब लॉक आणि गाडी टू-व्हीलवर, यात नुकसान काही नाही. हिमवर्षाव होणार असं दिसलं की मी सकाळीच हब लॉक करून निघतो आणि गरज पडेल तिथे फक्त ट्रान्सफर केसचा दांडा टाकतो. याच्या उलट, हब मोकळे आणि दांडा फोर-व्हीलवर असेल तर पुढचा शाफ्ट नुसता फिरतो, चाकं ढिम्म. त्यातही लो गिअर टाकून गाडी रेटली तर सगळा भार एकट्या मागच्या ॲक्सलवर येतो, आणि कोरड्या, घट्ट जमिनीवर तो मोडूही शकतो.

आता चाकापाशी येऊ. पुढच्या चाकाला दोन कामं एकदम करायची असतात, फिरायचं आणि वळायचं. जिथे ते वळतं त्या सांध्याला नकल म्हणतात, आणि जुन्या ॲक्सलमधला पहिला मोठा फरक तिथेच दिसतो.

साताऱ्याकडे आमच्या वडिलांकडे महिंद्राची जीप होती. महिंद्रांनी विलिस जीप १९४७ पासून मुंबईत जोडायला घेतली, आणि ती घडण आपल्याकडे पुढे कित्येक दशकं टिकली, त्यामुळे अमेरिकेत जी रचना वस्तुसंग्रहालयात बघावी लागते ती आपल्याकडे वाडीवस्तीवर बघायला मिळायची. त्या जीपच्या पुढच्या ॲक्सलच्या दोन्ही टोकांना नारळाएवढा गुळगुळीत लोखंडी गोळा होता. नकल त्या गोळ्यावर टोपीसारखी बसायची आणि त्याच्याभोवती वळायची. दांड्याचा सांधा गोळ्याच्या आत, ग्रीसमध्ये बुडालेला. चिखल आत जाऊ नये आणि ग्रीस बाहेर येऊ नये म्हणून गोळ्याला घासत फिरणारं सील.

एका पावसाळ्याआधी मिस्त्रींनी ते सील काढलं आणि आत बोट घालून वडिलांसमोर धरलं. काळसर, पातळ, बोटावरून ओघळणारं. “अण्णा, हे ग्रीस नाही राहिलं. ताक झालंय याचं.” झालं होतं असं, की ॲक्सलच्या नळीतलं आतलं ऑइल सील गेलं होतं. डिफरन्शियलचं तेल नळीतून वाहत येऊन गोळ्यात शिरलं आणि ग्रीस पातळ करून टाकलं. जुन्या टोयोटावाले अमेरिकेत याच प्रकाराला ‘नकल सूप’ म्हणतात. मला मिस्त्रींचा शब्द जास्त पटतो.

टोयोटा हायलक्स फोर-व्हीलमध्ये आली १९७९ साली, आणि अमेरिकेत विकल्या गेलेल्या १९८५ पर्यंतच्या गाड्यांना पुढे पाट्यांवर बसवलेला सलग ॲक्सल आणि हाच बंद गोळा होता. आत मात्र जीपच्या काही ॲक्सलसारखा साधा क्रॉस, म्हणजे अधिकच्या चिन्हासारखा सांधा, नाही, तर बर्फील्ड नावाचा सांधा: एका वाटीत सहा पोलादी गोळ्या, ज्या चाक कितीही वळलं तरी फिरण्याचा वेग एकसारखा ठेवतात. क्रॉसचं तसं नसतं. क्रॉस जितका जास्त वाकवाल तितका त्याचा वेग एका फेऱ्यात कमीजास्त होतो, आणि चाक पूर्ण वळवून फोर-व्हीलवर गाडी घातली की स्टिअरिंगमध्ये ठोके जाणवतात. मोठी चाकं घालून, स्टिअरिंग पूर्ण वळवून, खडकावर जोर लावला की बर्फील्ड फुटतो, ही त्याची दुबळी बाजू. वाजायला लागला की ऐकावं. कटकट आवाज वळणावरच येतो, सरळ चालताना नाही.

अमेरिकन पिकअपमध्येही आधी बंद गोळाच होता. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून १९७० च्या दशकात एकेक करून सगळे उघड्या नकलकडे गेले. उघड्या प्रकारात ॲक्सलच्या टोकाला इंग्रजी सी अक्षरासारखा फाटा असतो, त्याच्या वरच्या आणि खालच्या टोकांत नकल अडकवलेली, आणि मधला क्रॉस उघड्यावर, गाडीखाली वाकलं की सरळ दिसतो. सील घासायचा प्रश्न मिटला, चाक जास्त वळू लागलं. क्रॉस बदलायचा तर ॲक्सल उलगडावा लागत नाही, हब आणि स्पिंडल काढले की दांडा हातात येतो.

नकल त्या फाट्याला अडकवायच्या दोन पद्धती. हलक्या गाड्यांत वर-खाली बॉल जॉइंट. भारी गाड्यांत किंगपिन: वर जाड खुंटी आणि तिच्यावर दाबून बसलेली स्प्रिंग, खाली निमुळतं बेअरिंग. भारी म्हणजे मुख्यतः डेना ६०. जनरल मोटर्सच्या एक टनी के-३० ला हा १९७७ पासून पुढे आला, आणि तो शेवटपर्यंत किंगपिनचाच राहिला. फोर्डने एफ-३५० ला १९८० च्या दशकाच्या मध्यावर डेना ६० दिला तो किंगपिनचा, आणि १९९२ पासून त्याच नावाने बॉल जॉइंटचा. म्हणजे नुसतं ‘फोर्डचा डेना ६०’ म्हणून नकलचे भाग मागवले तर निम्म्या वेळा चुकीचे येतील. किंगपिनवाले आजही जास्त शोधले जातात, आणि त्याला कारण आहे. बॉल जॉइंट झिजला की प्रेस लावून काढावा लागतो. किंगपिनचं बुश आणि बेअरिंग साध्या अवजारांनी घरी बदलता येतं.

हे आकडे इंचांचे नाहीत, ती नुसती नावं आहेत. पण आकडा वाढला की आतलं लोखंड वाढतं हे खरं. डिफरन्शियलमधल्या मोठ्या दातेरी चाकाचा, म्हणजे क्राउन व्हीलचा, व्यास डेना ३० मध्ये सात इंचांच्या थोडा वर, डेना ४४ मध्ये साडेआठ, डेना ५० मध्ये नऊ, डेना ६० मध्ये पावणेदहा. माझ्या गाडीत निघालेला जनरल मोटर्सचा टेन बोल्टही साडेआठ इंचांचाच, म्हणून तो डेना ४४ च्या जोडीला बसतो. या सगळ्या डेना ॲक्सलवर स्पायसर हे नाव आढळतं, आणि ते आपल्याकडच्या लोकांना परकं नाही: स्पायसर नावाने पुणे परिसरात वर्षानुवर्षं ॲक्सल आणि शाफ्ट बनत आले आहेत.

परत मूळ प्रश्नाकडे. चाक कुठे सुटतं? आतापर्यंत पाहिलं ते चाकापाशी सुटणारं. आता ‘कुठेच नाही’ हा प्रकार.

१९७० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेच्या तिन्ही मोठ्या कंपन्यांनी काही पिकअपमध्ये न्यू प्रोसेस २०३ नावाची ट्रान्सफर केस घातली. ती कायम फोर-व्हीलवर चालणारी. डांबरावर चारही चाकं जोडून ठेवली तर वळताना ओढाताण होते, कारण वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळात, म्हणजे जास्त अंतर चालतात. साध्या ट्रान्सफर केसमध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधलेले असतात, म्हणून ती फक्त निसरड्या जमिनीवर वापरायची. २०३ मध्ये हा फरक झेलायला आत आणखी एक डिफरन्शियल होतं. मग चाक सोडायची गरजच काय? म्हणून लॉकिंग हबच्या जागी साधं झाकण, जे दांडा आणि हब कायमचे जोडून ठेवतं.

अशा गाडीवर कुणी पेट्रोल वाचवायला नुसते लॉकिंग हब बसवले आणि ते ‘फ्री’ केले तर काय होईल? गाडी जागची हलणार नाही. डिफरन्शियलचा स्वभावच असा, की ज्या बाजूला अडथळा कमी तिकडे फिरणं जातं. पुढचा शाफ्ट मोकळा मिळाला की तोच नुसता गरगरतो. आतला लॉक टाकला तर गाडी चालते, पण ते २०३ च्या रचनेला धरून नाही. त्यासाठी ट्रान्सफर केसच्या आतले भाग बदलायचा वेगळा संच मिळतो, हब त्याच्या जोडीने लावायचे. माझ्या के-२० ला मॅन्युअल गिअरबॉक्स आहे, म्हणून तिला २०३ ऐवजी २०५ आली. ती सगळी दातेरी चाकांची, चेन नाही, वजनाला जबरदस्त, आणि माझ्या मते त्या काळातली सर्वांत भरवशाची.

तिसरा प्रकार मला सर्वांत सुंदर वाटतो. चाक चाकापाशी सुटत नाही, ॲक्सलच्या मध्ये सुटतं. डॉजने १९८५ च्या सुमारास आपल्या हलक्या पिकअपच्या डेना ४४ मध्ये हे आणलं आणि १९९४ च्या नव्या रॅममध्ये पुढे चालू ठेवलं. रॅममध्ये उजवीकडचा लांब दांडा दोन तुकड्यांत कापलेला, दोन्ही टोकांवर खाचा, आणि वर एक सरकती कडी. इंजिनाच्या व्हॅक्युमवर चालणारा फाटा ही कडी सरकवतो. ड्रायव्हरने दांडा टाकला की आपोआप. खाली उतरून चिखलात हात घालायला नको.

पण एक बाजू तर जोडलेलीच राहिली, मग पुढचा शाफ्ट फिरत कसा नाही? इथे डिफरन्शियल कामाला येतं. डावं चाक आपला दांडा फिरवतं. तो डिफरन्शियलमधल्या छोट्या दात्यांना फिरवतो. आणि ते दाते उजवीकडचा अर्धा तुकडा उलट्या दिशेने फिरवतात. उजवा तुकडा मोकळा असल्यामुळे तो खुशाल उलटा फिरतो, आणि मोठं क्राउन व्हील व पुढचा शाफ्ट शांत उभे राहतात. गाडी जॅकवर घेऊन, टू-व्हीलवर ठेवून, डावं चाक हाताने फिरवलं आणि खाली वाकून बघितलं तर हे समजतं. याच कारणाने अशा ॲक्सलमध्ये दोन्ही दांडे एकत्र बांधणारा लॉकर घातला तर हिशेब बिघडतो: एक चाक फिरलं की क्राउन व्हीलही फिरणारच.

या पद्धतीचं दुखणं व्हॅक्युमच्या रबरी नळ्यांत आहे. तीस वर्षांत त्या वाळतात, चिरतात. फोर-व्हीलचा दिवा लागत नाही, कडी अर्धवट सरकते आणि खाचा खाते. फोर-व्हील लागत नाही म्हणून ट्रान्सफर केस उघडण्याआधी या नळ्या बघाव्यात.

फोर्डने मात्र वेगळीच वाट धरली. १९८० पासून १९९६ पर्यंतच्या एफ-१५० आणि अनेक एफ-२५० मध्ये ‘ट्विन ट्रॅक्शन बीम’ नावाचा ॲक्सल आहे. सलग ॲक्सल मधून कापून त्याचे दोन हात केले, दोन्ही चौकटीला बिजागरीने टांगले. डिफरन्शियल डाव्या हाताच्या पोटात, आणि उजव्या चाकाकडे जाणाऱ्या दांड्यात मध्ये एक जादा क्रॉस. एक चाक खड्ड्यात गेलं तरी दुसरं हलत नाही, म्हणून खडबडीत रस्त्यावर गाडी मऊ चालते. पण दोन्ही चाकं कमानीत वर-खाली होतात, म्हणजे स्प्रिंग बसली की चाकाचा उभा कोन बदलतो आणि टायर एकाच कडेला खाल्ला जातो. जुनी फोर्ड घ्यायला गेलात तर आधी पुढच्या टायरच्या दोन्ही कडा हाताने चाचपा, मग इंजिनाचं झाकण उघडा. हब मात्र यात चाकापाशीच सुटणारे, म्हणजे ओळखीचे.

जनरल मोटर्सने १९८८ च्या नव्या घडणीच्या के मालिकेत सलग ॲक्सल सोडूनच दिला. डिफरन्शियल चौकटीला बोल्टने पक्कं, दोन्ही बाजूंना कारसारखे छोटे शाफ्ट, आणि स्प्रिंगच्या जागी पीळ झेलणारे टॉर्शन बार. सुटणं पुन्हा मध्येच, पण सुरुवातीच्या वर्षांत ते काम करणारा भाग विजेच्या उष्णतेवर चालायचा. आतला पदार्थ तापतो, फुगतो, दट्ट्या ढकलतो. तापायला वेळ लागतो, थंडीत जास्तच. बर्फात रुतल्यावर बटण दाबून वाट बघत बसणं काय असतं हे ज्याने अनुभवलं आहे, त्याला हाताने फिरवायच्या चकतीची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. टोयोटाने अमेरिकेत १९८६ ला सलग ॲक्सल सोडला, तरी बऱ्याच गाड्यांना लॉकिंग हब ठेवले.

आणखी एक बदल आहे, जो बाहेरून पटकन दिसत नाही पण खिशाला कळतो. सुरुवातीला सांगितलेली स्पिंडल, दोन बेअरिंगं आणि दोन नट ही रचना हळूहळू गेली आणि तिच्या जागी ‘युनिट बेअरिंग’ आलं: बेअरिंग आणि हब एकाच बंद डब्यात, कारखान्यात ग्रीस भरून सील केलेलं, नकलला बोल्टने लावायचं. १९८८ च्या जनरल मोटर्सच्या गाड्यांत, १९९४ च्या रॅममध्ये, १९९९ च्या फोर्ड सुपर ड्यूटीमध्ये हेच. खराब होईपर्यंत बघावं लागत नाही, आणि खराब झालं की दुरुस्ती नाही, अख्खं नवं. जुन्या पद्धतीत दोन बेअरिंगं आणि एक सील बदललं की काम भागतं, पण ते बसवायला हात लागतो. आतला नट चाक फिरवत घट्ट करायचा, मग थोडा सैल सोडायचा, इतकाच की चाक हलकं फिरेल पण डुगडुगणार नाही, मग वॉशर, मग बाहेरचा नट आवळायचा. त्याला चार दातांचा खास सॉकेट मिळतो. छिन्नी-हातोडीने ठोकून बसवलेले नट मी पाहिले आहेत. त्यांचे कान तुटलेले असतात आणि लोखंडाचा चुरा बेअरिंगमध्ये.

स्वयंचलित हबबद्दल एवढंच सांगतो. १९८० च्या दशकात फोर्ड आणि जनरल मोटर्स दोघांनीही फोर-व्हील टाकल्यावर आपोआप लागणारे, आणि सोडायला गाडी थोडी मागे घ्यावी लागणारे हब दिले. जुने झाल्यावर ते अर्धवट लागतात. तुमच्या गाडीवर असतील आणि गाडी खरोखर डोंगरात नेणार असाल, तर हाताने फिरवायचे बसवा.

विकणाऱ्यांच्या तोंडून सर्वांत जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे, “आठ स्टडचं चाक आहे, म्हणजे डेना ६० असणार.” असं नसतं. के-२०, एफ-२५० आणि डॉज डब्ल्यू-२०० या पाऊण टनी गाड्यांना आठ स्टड असतात, साडेसहा इंचांच्या वर्तुळावर, आणि त्यातल्या असंख्य गाड्यांत पुढे डेना ४४ किंवा टेन बोल्ट असतो. स्टड चाकाचा भार सांगतात, डिफरन्शियलचा आकार नाही. झाकणाचे बोल्ट मोजूनही उपयोग नाही, कारण डेना ४४, डेना ६० आणि टेन बोल्ट, तिन्हींना दहाच असतात. झाकणाचा आकार मात्र बोलतो: टेन बोल्टचं जवळपास गोल, डेनाचं कोनाकोनांचं. डेनाच्या ओतीव लोखंडाच्या कण्यावर बऱ्याचदा ४४ किंवा ६० असा आकडा उठावात असतो, आणि नळीवर ठोकलेला नंबर असतो. तारेच्या ब्रशने गंज खरवडा, खडू फिरवा, मग वाचता येतो. डिफरन्शियल कोणत्या बाजूला आहे तेही बघा. १९७० च्या दशकाच्या शेवटच्या फोर्डमध्ये ते डावीकडे, १९८७ पर्यंतच्या सलग ॲक्सलच्या जनरल मोटर्समध्ये उजवीकडे. दुसऱ्या गाडीचा ॲक्सल आणून बसवायचा विचार असेल तर सगळं तिथेच ठरतं, कारण ट्रान्सफर केसमधून शाफ्ट ज्या बाजूने निघतो त्याच बाजूला डिफरन्शियल लागतं.

मग एक पुढचं चाक जॅकवर घ्या, ट्रान्सफर केस टू-व्हीलवर ठेवा, आणि दुसऱ्याला चाक फिरवायला सांगून तुम्ही नकलच्या मागे बघा. हब फ्री असताना क्रॉस स्थिर राहिला पाहिजे, लॉक केल्यावर फिरला पाहिजे. फ्री असूनही फिरत असेल तर बहुधा हबच्या आतली कडी पूर्ण सुटलेली नाही. स्पिंडलच्या आत दांड्याला आधार देणारं एक छोटं सुई-बेअरिंगही असतं, ते फार विसरलं जातं. हब फ्री असताना त्याच्यावरचा दांडा फिरत नाही आणि ते जागच्या जागी गंजतं. म्हणून महिन्यातून एकदा हब लॉक करून आठ-दहा किलोमीटर टू-व्हीलवरच चालवावी, सगळीकडे वंगण पोचतं.

गेल्या महिन्यात पुतण्याचा साताऱ्याहून व्हिडिओ कॉल आला. “काका, आण्णा आजोबांच्या जीपला लॉकिंग हब बसवायचेत. कोणते मागवू?” जीप अजून शेडमध्ये आहे. त्याला म्हटलं, आधी काहीही मागवू नकोस. पुढच्या चाकाच्या मधलं झाकण पूस आणि बोल्ट मोज. “सहा.” झाकण काढ, आत दांड्याच्या टोकाच्या खाचा मोज, पहिल्या खाचेवर खडू लाव. फोन त्याने मडगार्डवर टेकवला होता, मला नुसता त्याचा कोपर दिसत होता.

“दहा,” तो म्हणाला. मग थांबून, “परत मोजतो.”